आणतो कोण, टाकतो कोण

(पुण्यातल्या एका सोसायटीच्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडं काटछाट करून.)

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? 'येतोय' म्हणणारे सगळे पुढेच बसलेत, पण असू दे.

पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'धावपळीच्या घरातला कचरा कमी कसा करावा'. वेळ चाळीस मिनिटं. त्यातली आठ माझी ओळख करून देण्यात गेली, आणि त्या ओळखीत मला पर्यावरणतज्ज्ञ म्हटलं गेलं. तसं काही नाही. मी विम्याचे क्लेम तपासतो. आमच्या धंद्यात एक खोड लागते. नुकसान झालं म्हटलं की आधी विचारायचं, ते केलं कोणी आणि सोसलं कोणी? ही दोन नावं वेगळी निघाली की समजायचं, हे नुकसान पुन्हा होणार. कचऱ्याबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे. बाकीची बत्तीस मिनिटं तुमच्या समाधानासाठी.

ओला कुठला, सुका कुठला, हे मी सांगणार नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी ते सगळ्या देशाला सांगून झालंय. पुण्याला तर त्याच्याही आधीपासून माहीत आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 ची, आणि त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 पासून घरोघर जाऊन कचरा उचलते. आपला कचरा कुठे जायचा हेही आपल्याला माहीत आहे. 2017 च्या उन्हाळ्यात कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा आपण रुमाल नाकाला लावून फिरत होतो. त्या गावांनी तो वास कित्येक वर्षं घेतला, आपण काही आठवडे. तरी जास्त आरडाओरडा आपणच केला.

आता एक गोष्ट. ती मी दोन मिनिटांत सांगणार आहे. आमची मंडळी समोर बसलीत, त्या आत्ताच हसल्या.

आम्ही आधी राहायचो ती सोसायटी एकशेचाळीस फ्लॅटची. दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा निघाला की नियमाच्या भाषेत तुम्ही मोठे उत्पादक. म्हणजे ओल्याची सोय तुम्हीच करायची. सर्वसाधारण सभेत ठराव आला. एकीकडे विटांचे हौद बांधून खत करू म्हणणारे, दुसरीकडे 'वास येईल, उंदीर येतील, फ्लॅटचे भाव पडतील' म्हणणारे. एवढ्यात टाय घातलेला एक तरुण आला. त्याच्याकडे पडदा होता, प्रोजेक्टर होता आणि एक वाक्य होतं: 'चोवीस तासांत खत.' सकाळी साल टाका, उद्या सकाळी खत घ्या. सभेत पहिल्यांदाच एकमत झालं. पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ज्या सोसायटीत तीन वर्षं वाद चालला, तिने काही लाखांचं यंत्र अर्ध्या तासात मंजूर केलं.

उद्घाटनाला नारळ फोडला. त्याची करवंटी तिसऱ्या दिवशी यंत्राच्या पोटात सापडली. पातं वाकलं. कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, करवंटी वॉरंटीत बसत नाही. क्लेम तपासणाऱ्या माणसापुढे तो हे म्हणाला! मीसुद्धा मान डोलावली, कारण त्याचं बरोबर होतं.

पातं बदललं, यंत्र चालू झालं. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कॉफीच्या पुडीसारखं तपकिरी, भुरभुरीत काहीतरी बाहेर पडलं. वाससुद्धा बरा. सगळ्यांनी पिशव्या भरभरून नेलं, कुंड्यांत घातलं. आमच्या शेजारच्या काकूंनी तुळशीला घातलं. मग आला पाऊस. आठ दिवसांत त्या पुडीला पांढरी बुरशी धरली, गच्चीत पाय ठेववेना, आणि काकूंची तुळस गेली. तुळशीची ती बातमी यंत्रापेक्षा जोरात चालली.

झालं काय होतं? ते खत नव्हतंच. यंत्र कचरा तापवायचं, वाळवायचं आणि दळायचं. भाजीचा भुगा म्हणजे खत नव्हे. खत जिवाणू करतात, आणि त्यांना आठवडे लागतात. त्यांना टाय घालून प्रेझेंटेशन देता येत नाही. वाळवलेल्या भुग्याला पाणी लागलं की तो जिथे थांबला होता तिथून पुढे कुजायला लागतो, आणि तोही तुमच्या तुळशीच्या मुळाशी. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, बाहेर पडलेला माल आणखी काही दिवस मुरू द्यावा. पुस्तिका चेअरमनच्या कपाटात होती. कपाटाची किल्ली चेअरमनकडे, आणि चेअरमन मुलाकडे न्यूजर्सीला.

पण मला सांगायचंय ते हे नाही. यंत्रापाशी एक पोरगा उभा असायचा, हाऊसकीपिंगचा. एकशेचाळीस घरांचा 'ओला' त्याच्यापुढे यायचा, आणि तो हातानं त्यातून चमचे, दोरे, रबरबँड, पणत्या आणि नाव घेऊ नये अशा गोष्टी वेचायचा. मी एकदा रजेवर होतो म्हणून खाली गेलो आणि ते पाहिलं. त्या सोसायटीत राहून तेव्हा सहा वर्षं झाली होती. सभेत मोठमोठ्यानं बोलणाऱ्यांपैकी एकानंही तो पोरगा काय वेचतो हे पाहिलं नव्हतं. मीही धरून.

दोन मिनिटं झाली का? बरं, आणखी दोन.

त्याच वर्षी आमच्या घरातही हेच चाललंय याचा शोध मला लागला. आमच्या घरी बायको हिंजवडीला, सकाळी सातला बाहेर. मी नऊला. दोन मुलं, शाळा, क्लास, कराटे. आणि माझी आई. रविवारची मंडई हा माझा प्रांत. मी उत्साही गिऱ्हाईक आहे. पन्नासला तीन जुड्या म्हटलं की मला दोन घेताच येत नाहीत. कोथिंबीर, मेथी, पालक, वर पाव किलो मिरच्या. मिरच्या आमच्याकडे कोणी खात नाही, पण त्या दिसतात छान.

त्या वर्षी आई दीड महिना बहिणीकडे नाशिकला गेली आणि कचऱ्याचा डबा माझ्याकडे आला. सकाळी सव्वासातला कचरावेचक ताई येतात. पहिल्या शुक्रवारी मी फ्रिजचा खालचा कप्पा उघडला. त्यात कोथिंबिरीचा काळा लगदा, पाणी सुटलेली मेथी, आणि एक डबा. डब्यात काय होतं ते सांगता येणार नाही, कारण ते ओळखता आलं नाही. मी सगळं गुपचूप कचऱ्याच्या डब्यात ओतलं. ताईंनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी गावाला गेल्यात वाटतं?"

मी विचारलं, कसं ओळखलंत?

"आजी शुक्रवारी कोथिंबीर पेपरात बांधून देतात. तुम्ही तशीच दिलीत."

म्हणजे ही कोथिंबीर दर शुक्रवारी जात होती! किती वर्षं, देव जाणे. रविवारी मी ऐटीत आणायची आणि शुक्रवारी आईनं कोणाला कळू न देता पेपरात गुंडाळून द्यायची. मुलगा हौसेनं आणतो, त्याला कशाला बोला. आई आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "टाकताना जिवावर येतं रे. म्हणून तर बांधते. दिसू नये." ही बाई दोडक्याच्या शिरांची चटणी करते, दुधीच्या सालीची करते, शिळ्या पोळीचा कुस्करा करते. तिच्या हातून दर आठवड्याला माझी मंडई जात होती. माझ्या नुकसानीचा क्लेम ती भरत होती आणि मला पॉलिसी काढल्याचंसुद्धा माहीत नव्हतं.

त्या दीड महिन्यात आमच्या डब्याचं वजन निम्म्यावर आलं. मी काही पुस्तक वाचलं नाही. फक्त आणणारा आणि टाकणारा एकच माणूस झाला.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' खाली दोन रेघा मारल्यात. म्हणजे ज्या विषयासाठी मला बोलावलं त्याला आता पाच मिनिटं. धावपळीचं घर म्हणजे काय, याचं हे प्रात्यक्षिक समजा.

भराभर सांगतो. जो आणतो त्यानं महिनाभर टाकावं. याला वेळ लागत नाही, फक्त माणूस बदलतो. मुलानं ऑनलाइन काही मागवलं तर खोका त्यानंच फोडायचा, चिकटपट्टी काढायची, सपाट करून रद्दीत ठेवायचा. आमच्या मुलाची खरेदी पहिल्या महिन्यातच मंदावली. बाहेरून जेवण मागवणाऱ्यानं ते तेलकट डबे घासायचे. डबे घासायला लागले की पिठलं-भात आठवतो.

भाजी आठवड्याची एकदम आणू नका. पालेभाजी दोन दिवसांची, तीही घरी येताना कोपऱ्यावरून. फळभाजी, कांदे-बटाटे आठवड्याचे चालतात. निघण्याआधी फ्रिज उघडून फोटो काढा, यादी करू नका. यादी कोणी वाचत नाही. फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीवर एक डबा ठेवा, 'आधी हे संपवा' असा. अर्धा टोमॅटो, वाटीभर आमटी, उरलेला भात, सगळं त्यात. आमच्याकडे बुधवार हा त्या डब्याचा दिवस. त्या दिवशी जे बनतं त्याला नाव नसतं. ज्याला नाव हवं असेल त्यानं करावं.

दूध. पिशवीचा कोपरा कापून तो त्रिकोण वेगळा करू नका. नुसती चीर द्या, कोपरा लटकत राहू द्या. पिशवी भंगारात विकली जाते, पण तो चिमुकला तुकडा कोणी वेचू शकत नाही, तो थेट गटारात. 2018 च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर परतीचे किमान पन्नास पैसे छापायचे ठरलं होतं. तुमच्यापैकी कोणाला कधी मिळाले का? हात वर करा. हं. पिशवी खळखळून धुवून वाळवा, एवढं तर आपल्या हातात आहे.

खत घरी करायचं तर भोकं पाडलेली बादली पुरे. ओलं एक ओंजळ, तर वर वाळका पाला दोन ओंजळी. ओल्यात नायट्रोजन जास्त, पाल्यात कार्बन जास्त, आणि जिवाणूंना एक भाग नायट्रोजनला तीसेक भाग कार्बन लागतो. वास आला की समजायचं पाला कमी पडला. पाला आपल्याच आवारात रोज झाडून जाळतात, तो मागून घ्या. रोजची दोन मिनिटं. खत व्हायला दोन-तीन महिने लागतात. चोवीस तास नाही.

सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. 'स्वच्छ'च्या ताईंनी हे फार पूर्वीपासून मागितलंय. फुटलेली काच जाड कागदात बांधून त्यावर 'काच' असं लिहून द्या. यानं कचरा कमी होत नाही. पण पुढच्या माणसाचा हात वाचतो, म्हणून तेही याच विषयात मोडतं.

बॅटऱ्यांचं राहिलं, जुन्या कपड्यांचं राहिलं. बोहारणी कुठे गेल्या यावर मला पंधरा मिनिटं बोलायचं होतं, ते पुढच्या वर्षी.

काय म्हणालात काकू? यंत्राचं पुढे काय झालं? आहे ना अजून. गेल्या गणपतीत जुन्या शेजाऱ्यांकडे गेलो होतो. पार्किंगमध्ये निळ्या ताडपत्रीखाली उभं आहे, वर मखराचे थर्मोकोल ठेवलेत. काढायला क्रेन लागते म्हणे. आणताना ठराव अर्ध्या तासात झाला. ते टाकायचं कोणी, यावर चौथ्या सभेतही कोरम भरला नव्हता.