पुलावरचे पोलीस

[दृश्य: महामार्गावरचा पूल. खाली तीन लेन जाणाऱ्या, तीन येणाऱ्या.]

हा ए-नाइन. म्युनिकहून निघून बर्लिनच्या वेशीपर्यंत जाणारा, पाचशे किलोमीटरहून लांब ऑटोबान, म्हणजे जर्मनीतला द्रुतगती महामार्ग. आपण दक्षिणेकडच्या बव्हेरिया राज्यात आहोत. खाली वेगमर्यादेची पाटी नाही. आत्ता डावीकडून सुसाट गेली ती काळी गाडी ताशी १८० ने गेली की २२० ने, हे इथे कायदा विचारत नाही.

कठड्याशी उभे असलेले हे दोन पोलीसही विचारत नाहीत. त्यांचं लक्ष त्या गाडीच्या पुढे आहे. तिच्या आणि पुढच्या गाडीच्या मधल्या मोकळ्या जागेवर.

[दृश्य: वेगातल्या गाड्या, सलग.]

ऑटोबानबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते वेगाचंच. काटा अडीचशेवर टेकवलेले व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून गेलेत. खरं आहे ते. सुमारे १३,००० किलोमीटरच्या या जाळ्यात साधारण ७० टक्के भागावर कायमची वेगमर्यादा नाही. १३० हा आकडा आहे, पण १९७८ पासून तो फक्त शिफारस म्हणून. तो ओलांडला म्हणून कुणी पावती फाडत नाही. मात्र १९९२ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एक गोष्ट ठरवून टाकली: १३० च्या वर असताना अपघात झाला, तर तुमची चूक नसतानाही नुकसानीचा काही वाटा तुमच्या माथी येऊ शकतो. म्हणजे वेग तुमचा, जोखीमही तुमची.

[दृश्य: रस्त्यावरचे आडवे पांढरे पट्टे, मग कॅमेऱ्याचा पडदा.]

आता हे पट्टे बघा. गाडीतून जाताना ते डोळ्यांत भरत नाहीत. पुलावरून मात्र स्पष्ट दिसतात. त्यांच्यातलं अंतर मोजून ठरवलेलं आहे. पुलावरचा कॅमेरा काही शे मीटर लांबून येणाऱ्या गाड्या टिपत असतो आणि चित्रणावर वेळेचा शिक्का सेकंदाच्या बारीक अंशापर्यंत उमटत असतो. गाडीला एका पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्यापर्यंत किती वेळ लागला, त्यावरून तिचा वेग निघतो. पुढची गाडी गेल्यावर मागची किती वेळाने त्याच पट्ट्यावर आली, त्यावरून अंतर. गणित शाळेतलंच आहे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात ते असं: काटा जो आकडा दाखवतो त्याच्या निम्मे मीटर पुढे मोकळे ठेवायचे. १४० ला ७० मीटर. दंडाची सुरुवात होते या ७० च्या निम्म्यापासून, म्हणजे ३५ मीटरच्या आत आलात की. १०० युरो आणि चालकाच्या नावावर एक दंडगुण. २१ मीटरच्या आत आलात तर २४० युरो, दोन गुण आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. सात मीटरच्या आत? ४०० युरो आणि तीन महिने बंदी. १४० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ ३९ मीटर जाते. २१ मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदाचं काम. समोरचे ब्रेकलाइट दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत तेवढा वेळ संपलेला असतो.

[दृश्य: एक गाडी अचानक लेन बदलून मध्ये घुसते. चित्रण थांबवून.]

आणि हे? मधल्या लेनवाला फट दिसताच घुसला, मागच्याचं अंतर क्षणात निम्म्यावर आलं. याला दंड नाही. म्हणून तर कॅमेरा इतक्या लांबून बघत असतो. मागच्याने नंतर पाय काढून जागा केली की नाही, ते चित्रणात दिसतं. पुढच्याने उगाच ब्रेक मारला, तेही दिसतं. चिकटून राहणं हा गुन्हा. क्षणभर चिकटावं लागणं हा नाही. मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

[दृश्य: दुसरा, खालच्या उंचीचा कॅमेरा.]

हा दुसरा कॅमेरा चेहऱ्यासाठी. आपल्याकडे ई-चलान गाडीच्या मालकाच्या नावाने निघतं. जर्मनीत चालत्या गाडीचा असा गुन्हा चालवणाऱ्याचा, मालकाचा नाही. चाकामागे कोण होतं हे दाखवता आलं नाही, तर खटला उभा राहत नाही. म्हणून समोरून फोटो.

पण हा कॅमेरा सतत चालू नसतो, आणि त्यामागे एक प्रकरण आहे. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या उत्तरेकडच्या राज्यात ए-नाइन्टीन महामार्गावर एका वाहनचालकाला असंच पुलावरून पकडलं होतं. तो थेट देशाच्या घटना न्यायालयापर्यंत गेला. त्याचं म्हणणं, मला पकडायला तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं चित्रण करता, हा अधिकार तुम्हाला दिला कोणी? ऑगस्ट २००९ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं: पुरेसा कायदेशीर आधार नसताना सरसकट चित्रण करणं हा नागरिकाच्या स्वतःच्या माहितीवरच्या हक्काचा भंग. तेव्हापासून लांबच्या कॅमेऱ्यात ना चेहरा ओळखू येत, ना नंबर प्लेट. संशय आला, तरच हा दुसरा कॅमेरा सुरू होतो. ज्या देशाने गुप्त पोलिसांच्या फायली पाहिल्यात, त्याला हा प्रश्न पडणारच.

[दृश्य: डावी लेन, मागून दिवे चमकवत येणारी गाडी.]

इथे वाहतूक उजवीकडून, तेव्हा आपल्या डोक्यातली दिशा उलटी करून बघा. ओव्हरटेक डावीकडूनच, आणि ते झालं की परत उजवीकडे. ट्रकांना कमाल ८०. एक ट्रक दुसऱ्याला दोन किलोमीटर ओव्हरटेक करत बसला तर त्यालाही दंड. गावाबाहेरच्या रस्त्यावर ओव्हरटेकची सूचना म्हणून डिपर मारायला कायद्याची परवानगी आहे. पुष्कळ जर्मनांनाही हे ठाऊक नसतं. पण बंपरला चिकटून सारखे डिपर मारत राहिलात तर ते जबरदस्तीच्या कलमात बसतं. तिथे दंडाची पावती संपते आणि फौजदारी सुरू होते.

जुलै २००३ मध्ये कार्ल्सरुहेजवळ ए-फाइव्हवर एका कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर असाच वेगात मागून आला. धडक झाली नाही. पुढच्या छोट्या गाडीचा तोल गेला. २१ वर्षांची आई आणि तिची दोन वर्षांची मुलगी जागीच गेल्या. अपिलात शिक्षा झाली एक वर्षाची, तीही स्थगित.

[दृश्य: थांबलेली वाहतूक. मधोमध मोकळी वाट. रुग्णवाहिका.]

ही वाट पोलिसांनी केलेली नाही. वाहतूक मंदावून चालण्याच्या गतीवर आली की सायरनची वाट न बघता ती करायची असते. सगळ्यात डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे सरकायचं, बाकी झाडून सगळ्यांनी उजवीकडे. लेन दोन असोत, तीन असोत की चार. लक्षात राहावं म्हणून उजवा हात दाखवतात: तळवा खाली, अंगठा म्हणजे डावी लेन, चार बोटं म्हणजे बाकीच्या, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून रुग्णवाहिका. बाजूची शोल्डर, म्हणजे कडेची आपत्कालीन पट्टी, का वापरत नाहीत? ती सगळीकडे नसते, आणि असते तिथे बंद पडलेली गाडी उभी असू शकते.

वरून घेतलेल्या या चित्रात ती सरळ रेषा सुरेख दिसते. नेहमी अशी होत नाही. याच ए-नाइनवर, म्युन्शबर्गजवळ, ३ जुलै २०१७ ला सहलीच्या बसने पेट घेतला, १८ माणसं गेली, आणि अग्निशमन दलाला गाड्यांमधून वाट मिळत नव्हती. त्याच वर्षी दंड वाढला: वाट न दिल्यास किमान २०० युरो आणि दोन गुण.

[दृश्य: अपघातस्थळाभोवती उभारलेले पडदे.]

हे पडदे अपघात झाकायला नाहीत, पलीकडच्या लेनमधून मोबाइल काढणाऱ्यांसाठी आहेत. ते बघण्यासाठी वेग कमी करतात आणि मागचा त्यांच्यावर आदळतो. पुन्हा तेच, अंतर. मे २०१९ मध्ये न्यूरेंबर्गजवळ एका पोलीस अधिकाऱ्याने अशा एका चालकाला गाडीतून उतरायला सांगितलं: मृत माणूस बघायचाय ना, चला, दाखवतो. त्या चालकाने नकार दिला. २०२१ पासून मृताचं विटंबना होईल असं चित्रण करणं हाही गुन्हा आहे.

[दृश्य: पुन्हा पूल. गाड्यांची रांग.]

वेगमर्यादेचा वाद जर्मनीत दर निवडणुकीला निघतो आणि निकालानंतर मिटतो. मर्यादा हवी की नको, यावर सगळ्यांचं मत तयार असतं. सुरक्षित अंतराला मात्र कोणत्याच पक्षाचा झेंडा नाही. ऑटोबानवर वर्षाला सुमारे ३०० माणसं मरतात. जर्मनीतल्या रस्त्यांवरचे सर्वाधिक मृत्यू गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर होतात.

[दृश्य: लिफाफा.]

या पुलावरून टिपलेल्याला रस्त्यात कोणी अडवत नाही. काही दिवसांनी घरी पत्र येतं, फीश्टाख या बव्हेरियातल्या छोट्या गावातून, जिथे राज्यभराच्या दंडाचं मध्यवर्ती कार्यालय आहे. सोबत फोटो. गुणांची नोंद उत्तरेला फ्लेन्सबुर्गमध्ये. आठ गुण झाले की लायसन्स जातं. महिनाभराची बंदी असेल आणि मागच्या दोन वर्षांत आधीची बंदी नसेल, तर ती कधी सुरू करायची हे ठरवायला चार महिने मिळतात. लोक सुट्टीचा महिना निवडतात. लायसन्स कार्यालयात जमा झालं की दिवस मोजायला सुरुवात.

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेल्यांना भारतीय लायसन्सवर इथे सहा महिने गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने. या सहा महिन्यांत पुलावरच्या कॅमेऱ्यात सापडलात, तर बंदीची नोंद तुमच्या भारतीय लायसन्सवर करतात. त्यासाठी ते जप्त करण्याचा अधिकारही त्यांना आहे.