भिंतीवर नाव घेणारी मुलगी

नमस्कार मंडळी.

मघाशी उखाणे रंगले होते. ते ऐकताना मला सारखी एक मुलगी आठवत होती. तिनेही एक नाव घेतलं होतं, पण ते न्यूयॉर्कच्या भिंतीभिंतींवर, स्प्रेच्या डब्याने.

तिचं नाव सँड्रा फबारा. इक्वेडोरमधल्या आंबातोची, जन्म 1964 चा. सातव्या वर्षी न्यूयॉर्कला आली आणि क्वीन्समध्ये, अ‍ॅस्टोरियात वाढली. 1979 मध्ये ती पंधरा वर्षांची होती. तिच्या मित्राला पोलिसांनी पकडलं आणि मग त्याची रवानगी पोर्तो रिकोला झाली. तो गेला, आणि ही त्याचं नाव दिसेल तिथे लिहीत सुटली. सगळी सुरुवात त्या विरहातून झाली.

मग तिला स्वतःचं नाव हवंसं वाटलं. सीन नावाच्या एका रायटरने, म्हणजे भिंतींवर आणि गाड्यांवर स्प्रेने नाव लिहिणाऱ्याने, ‘पिंक’ सुचवलं. हे लिहिणारी मुलगी आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळायला हवं, हा त्यामागचा विचार. सँड्राला ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचा नाद होता, त्यातल्या इंग्लिश सरदारघराण्यांची भुरळ होती. म्हणून पुढचं ‘लेडी’ तिने स्वतः जोडलं. लेडी पिंक!

‘रायटर’ हा शब्द मला फार आवडतो. ही मंडळी स्वतःला चित्रकार म्हणवत नसत. आपण लिहितो, एवढंच त्यांचं म्हणणं. पण ते लिहिणं कसं होतं, बघा. रात्री सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या यार्डात शिरायचं, 600 व्होल्टची तिसरी रूळपट्टी जपून ओलांडायची आणि पंधरा मीटरहून लांब डब्यासमोर उभं राहायचं. अंधारात आधी पुसट रेघांनी अक्षरांचा सांगाडा, मग आत रंग भरायचे, आणि शेवटी तीच कड पुन्हा, एका दमात, ठळक. हात जरा रेंगाळला की रंगाचे ओघळ. पाऊल वाजलं की पळायचं.

त्यात ही मुलगी. मुलीला हे जमणारच नाही, कुणीतरी करून देत असणार, असं बरोबरीची मुलं म्हणत. प्रत्येक डब्यावर तिला ते खोटं पाडावं लागलं. मंडळी, परक्या देशात येऊन नोकरी करणाऱ्या आपल्यातल्या किती जणींना हे वेगळं समजावून सांगायला हवं?

हे बेकायदा होतं, ते मी झाकणार नाही. काचा रंगाने माखल्यामुळे बाहेरचं स्टेशन दिसेना, म्हणून वैतागलेला प्रवासीही खराच होता. 1984 पासून शहराने कंबर कसली, रंगलेला डबा धुतल्याशिवाय धावेना, आणि मे 1989 मध्ये शेवटचा रंगीत डबा रुळांवरून गेला. मार्था कूपर आणि हेन्री चाल्फंट यांनी वेळीच फोटो काढले नसते, तर आज आपल्याला त्यातलं फारसं काही दिसलं नसतं.

पिंकने 1985 च्या सुमाराला गाड्या सोडल्या; कॅनव्हासवर ती त्याआधीच रंगवू लागली होती. शब्दांतून कला मांडणाऱ्या जेनी होल्झरची वाक्यं आणि हिची चित्रं एकाच कॅनव्हासवर आली. आज मेट, व्हिटनी, ब्रुकलिन अशा संग्रहालयांत तिचं काम आहे.

आता माझी गोष्ट. मॅनहॅटनहून 7 नंबरच्या गाडीने मी जॅक्सन हाइट्सला वाणसामान आणायला जायचे. कोर्ट स्क्वेअरपाशी गाडी वळण घेते, तिथे खिडकीत फाइव्ह पॉइंट्झची इमारत यायची. मालकाच्या परवानगीने वरपासून खालपर्यंत रंगवलेली. माझी मुलगी तेव्हा अक्षरं शिकत होती. नाक काचेला लावून ती एकेक अक्षर ओळखायची. नोव्हेंबर 2013 मध्ये एका रात्रीत मालकानेच त्या भिंतींना पांढरा रंग फासला. पुढच्या फेरीला तिने विचारलं, “आई, अक्षरं कुठे गेली?” मला उत्तर देता आलं नाही.

एकवीस कलाकार कोर्टात गेले, त्यांत पिंकही होती. 2018 मध्ये निकाल लागला: 45 चित्रं, प्रत्येकी दीड लाख डॉलर, एकूण साडेसदुसष्ट लाखांची भरपाई. वरच्या कोर्टानेही 2020 मध्ये तो उचलून धरला. ज्या शहराने तिचे डबे धुऊन काढले, त्याच शहरातल्या कोर्टाने तिची भिंत पुसणं हा अन्याय ठरवला. हे वाचलं त्या दिवशी मी रडले.

पिंक क्वीन्समधल्या फ्रँक सिनात्रा शाळेतल्या मुलामुलींना हाताशी धरून भित्तिचित्रं रंगवत आली आहे. आणि आमच्या घरात, मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर तिचं स्वतःचं नाव फुगवलेल्या अक्षरांत उभं राहतंय, देवनागरीत. वेलांटी शिरोरेघेवरून कुठे वळवायची, यावर दोन आठवडे अडली होती. काल रात्री जमली.