फाइलच्या नावातली प्रश्नचिन्हं

टर्मिनलवर 'एलएस' ही फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा दिली आणि नावाच्या मधोमध प्रश्नचिन्हं दिसली, की माणूस घाबरून आधी फाइलचं नाव बदलायला धावतो. मित्रहो, तेवढं करू नका. बहुतेक वेळा नाव शाबूत असतं, आपल्याला ते वाचता येत नसतं एवढंच.

लिनक्सच्या लेखी फाइलचं नाव म्हणजे बाइटांची एक ओळ. त्यात तिरपी रेघ आणि शून्य बाइट चालत नाही, बाकी सगळं चालतं. त्या बाइटांची अक्षरं कोणती, याची नोंद नावासोबत कुठेच नसते. ते वाचणाऱ्याचं लोकेल, म्हणजे त्याच्या यंत्रावरची भाषा आणि अक्षरपद्धतीची मांडणी, ठरवतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर कसा दिसायचा, आठवून पाहा. दुखणं त्याच जातीचं आहे.

फ्रेंच 'कॅफे' घ्या. त्यातल्या शेवटच्या 'ई'च्या डोक्यावर तिरकी रेघ असते. लॅटिन-१ या जुन्या अक्षरपद्धतीत हे अक्षर एका बाइटाचं, ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायावर मोजलं तर, ३५१. यूटीएफ-८ या आजच्या पद्धतीत त्याचे दोन बाइट होतात, ३०३ आणि २५१. म्हणून मी म्हणतो, प्रश्नचिन्हं मोजा. त्या एका अक्षराच्या जागी दोन दिसली, तर नाव यूटीएफ-८ मधलं आहे आणि तुमचं लोकेल 'सी' वर, म्हणजे फक्त साधी इंग्रजी अक्षरं ओळखणाऱ्या मूळ मांडणीवर, राहिलं आहे. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर हे फार घडतं. आपल्या 'मराठी' या शब्दाची तिथे १५ प्रश्नचिन्हं होतात, कारण त्यातल्या पाचही चिन्हांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. अशा वेळी फाइलला हात लावायचा नाही, लोकेल सुधारायचं. जीएनयूचं 'एलएस' २०१६ पासून प्रश्नचिन्हांऐवजी ऑक्टल आकडेच दाखवतं; मला ते फार मोलाचं वाटतं, कारण मोजायचीही गरज उरत नाही.

लोकेल यूटीएफ-८ असूनही ३५१ एकटाच दिसला, तर मात्र नाव खरोखर जुन्या पद्धतीचं आहे. तिथे 'कॉन्व्हएमव्ही' हे नावांची अक्षरपद्धत बदलणारं साधन वापरा. ते आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं, वेगळं सांगितल्याशिवाय काही बदलत नाही. तो तपशील नीट वाचा.

आणि एक गोष्ट, जी मराठी माणसाने तरी विसरू नये. युनिकोडमध्ये 'दऱ्या' मधला ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक सलग चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. फ्रेंच 'ई'चंही तसंच, अक्षर वेगळं आणि रेघ वेगळी. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावं अशी सुटी करूनच ठेवायची. लिनक्सवर मग एकाच फोल्डरमध्ये 'दऱ्या' नावाच्या दोन फाइली सुखाने नांदतात, डोळ्यांना एकसारख्या. एक शोधायला गेलात तर दुसरी सापडत नाही. 'एलएस'चं उत्तर 'ओडी' या बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या आज्ञेकडे पाठवून बाइट पाहिले, की फरक लगेच कळतो.