टोरोंटो: पायी चालत आलेलं नाव

आज मी बोलणार आहे टोरोंटो या नावाबद्दल आणि ते ज्या जुन्या पायवाटेनं इथं आलं तिच्याबद्दल. सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्यातले कितीजण डॅव्हनपोर्ट रोडवरून गाडी चालवतात? बरेच हात वर आलेत. मग सांगा, तो रस्ता असा तिरका का? पुण्यात हे विचारलं असतं तर लोक हसले असते, तिथं उलट विचारावं लागतं की हा एक रस्ता चुकून सरळ कसा राहिला. पण इथं टोरोंटोत सगळं पट्टी धरून आखलेलं. जेन, कील, डफरिन, बाथर्स्ट, प्रत्येकाच्या मधे साधारण दोन दोन किलोमीटर. हे दोन किलोमीटर आले कुठून, तर सर्व्हेयरच्या साखळीतून. साखळी ६६ फुटांची, तशा १०० साखळ्या मोजल्या की सव्वा मैल होतो आणि तिथं एक रस्ता. गावाकडं कुणाची जमीन असेल तर गुंठा आठवा, ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे अर्धी साखळी बाय अर्धी साखळी. इंग्रजांनी एकच साखळी इथंही ओढली आणि आपल्याकडंही, तुमचा सातबारा आणि माझ्या घरापुढचा रस्ता त्या अर्थानं चुलतभाऊ.

तर अशा चौकटींच्या शहरात एखादा रस्ता तिरका दिसला की थांबून बघायचं. दरवेळी काही सापडेलच असं नाही, पण डॅव्हनपोर्टचं सापडतं. तो ज्या टेकडीच्या पायथ्यानं जातो तो एका जुन्या तळ्याचा काठ आहे. हिमयुग संपत आलं तेव्हा आजच्या लेक ओंटारियोहून मोठं तळं इथं होतं, ते आटत गेलं, काठ तसाच राहिला, आणि माणसं त्या काठाच्या कडेनं चालत राहिली, कारण चढ नको आणि खालची दलदलही नको. अनिशिनाबे या इथल्या मूळ लोकांच्या भाषेत त्या वाटेला गेते-ओनिगामिंग म्हणतात. म्हणजे 'जुन्या पोर्टेजपाशी'. आता तिथं हे नाव लिहिलेल्या पाट्याही लागल्यात, गाडी हळू केली तर दिसतात. आणि तिथूनच वर चढणारा स्पडायना, ज्याचा उच्चार आपण सगळे पहिली दोन वर्षं चुकीचा करतो, तो शब्दही त्याच भाषेतला. इशपदिना, म्हणजे चढण. इटोबिको म्हणजे अल्डरची झाडं जिथं वाढतात ती जागा. आपल्याकडं वडगाव, पिंपळगाव, बाभूळगाव असतं ना, अगदी तसं.

आता पोर्टेज म्हणजे काय. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना मधे जी जमीन लागते ती सामान पाठीवर, होडी डोक्यावर घेऊन पायी ओलांडायची, ती वाट. आपल्या इतिहासातला खुष्कीचा मार्ग हा शब्द मला जवळचा वाटतो, पण तो पूर्ण बसत नाही, कारण ही खुष्की दोन पाण्यांच्या मधली.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही हे आधीच सांगतो. मी सिव्हिल इंजिनियर, पाइपलाइनच्या कामात आयुष्य गेलं. या विषयाचा नाद लागला तो कामातूनच, कारण ओंटारियो प्रांतात मोठं खोदकाम करायचं तर आधी आर्किऑलॉजीचा रिपोर्ट लागतो. चार स्टेज असतात त्याच्या. पहिली स्टेज म्हणजे नुसतं कागद बघणं, आणि त्यात एक नियम असा की पाण्यापासून ३०० मीटरच्या आतली जागा असेल तर तिथं जुनं काही मिळण्याची शक्यता धरूनच चालायचं. जुन्या वाटांच्या जवळची जागा असेल तरी तेच. मी तरुण असताना या रिपोर्टवर भयंकर चिडायचो, काम लांबतं म्हणून. एका साइटवर तर आमचं शेड्युल पार कोलमडलं आणि मी मीटिंगमधे बोलायला नको ते बोललो. त्यानंतर एका आर्किऑलॉजिस्ट बाईंनी मला शांतपणे एक जुना नकाशा दाखवला. त्यात सर्व्हेयरच्या सरळ रेघांना कापत जाणारी एक बारीक तुटक रेघ होती, आणि शेजारी लिहिलेलं, इंडियन पाथ, म्हणजे इथल्या मूळ लोकांची वाट. त्या दिवसापासून मी या रेघेच्या मागं आहे.

ती रेघ म्हणजे टोरोंटो कॅरिंग प्लेस. कॅरिंग प्लेस म्हणजे पोर्टेजच. हंबर नदीच्या मुखापासून, म्हणजे लेक ओंटारियोच्या काठापासून, उत्तरेला हॉलंड नदीच्या पश्चिम फाट्यापर्यंत साधारण ४५ किलोमीटर. तिथून पाण्यानं लेक सिमको, पुढं सेव्हर्न नदी, आणि मग जॉर्जियन बे, म्हणजे लेक ह्यूरॉन. नकाशा डोळ्यापुढं आणा. पाण्यानंच जायचं म्हटलं तर नायगारा धबधबा चुकवून वर चढायचं, सबंध लेक एरी पार करायचं, डेट्रॉइटवरून वळून परत उत्तरेला यायचं, शेकडो किलोमीटरचा वळसा. त्यापेक्षा हे ४५ किलोमीटर चाललेलं बरं.

मग हंबरमधूनच होडी का नाही न्यायची, असं कोणीतरी विचारणार. विचारलंच बघा. तर हंबर उथळ आहे, मधे खळखळाट, उन्हाळ्यात तर दगड वर येतात. म्हणून वाट नदीच्या पूर्वेकडच्या उंच अंगानं जाते, लागेल तिथं फाटे ओलांडते आणि मग चढत चढत ओक रिजेस मोरेनवर येते. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूगोट्यांची ही लांबलचक धार. महाबळेश्वरला कसं, कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला, तसं इथं पाणी दुभंगतं, अलीकडचं लेक ओंटारियोत आणि पलीकडचं लेक सिमकोत. लेक ओंटारियो समुद्रसपाटीपासून ७५ मीटरवर, सिमको २१९ मीटरवर, आणि मधली धार त्या दोन्हीहून उंच. पाठीवर ओझं, ओझ्याचा पट्टा कपाळाला, पायात मऊ कातड्याची मोकॅसिन, आणि एकामागे एक अशी रांग. वाट रुंद असायचं कारणच नव्हतं.

आणि इथं एक गंमत, जी मला फार उशिरा कळली. या वाटेवर होडी दरवेळी डोक्यावरून नेतच असत असं नाही. अलेक्झांडर हेन्री नावाचा एक व्यापारी १७६४ च्या जूनमधे ओजिब्वे, म्हणजे अनिशिनाबेंपैकीच, लोकांच्या एका तुकडीबरोबर ही वाट चालला. त्यानं लिहून ठेवलंय की ऊन भयंकर, रानात आणि दलदलीत डास उदंड, आणि ही माणसं एवढ्या झपाझप चालत होती की मागं पडलो तर संपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते लेक ओंटारियोवर पोचले. आणि मग? मग तिथं बसून दोन दिवसांत एल्म झाडाची साल काढून नव्या होड्या बनवल्या आणि नायगाराला निघून गेले! म्हणजे होडी घेऊन चालण्यापेक्षा होडी बनवायची अक्कल घेऊन चालणं हलकं. इंजिनियर म्हणून सांगतो, मी हा मुद्दा आमच्या एका ट्रेनिंगमधेही वापरलाय.

बरं, ही वाट कुणाची? इथं आपल्याला एका नावाची सवय असते, तसं उत्तर मिळत नाही. वाटेच्या कडेला वेंडाट या मूळ लोकांच्या पूर्वजांची मोठी गावं होती, मक्याची शेती, लांबच्या लांब घरं. वॉनमधले जे असाल, क्लाइनबर्गच्या आसपास राहणारे, तुमच्या शेजारीच त्यांची गावं आणि अस्थींच्या सामुदायिक जागा होत्या. २०१३ मधे क्लाइनबर्गजवळ वेंडाट लोकांनी आपल्या सतराशेहून जास्त पूर्वजांच्या अस्थी पुन्हा जमिनीत ठेवल्या, ज्या अनेक वर्षं युनिव्हर्सिटीच्या खोक्यांमधे होत्या. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढं १६४९-५० च्या सुमाराला लढायांत वेंडाट विखुरले आणि हौदेनोसौनी या मूळ लोकांच्या संघातले सेनेका उत्तरेला आले. वाटेचं दक्षिण टोक हातात ठेवायला हंबरच्या काठी उंचावर त्यांनी तेयायागोन नावाचं गाव वसवलं. सेनेका गेले तसे मिसिसागा हे अनिशिनाबे लोक आले, १७०० च्या आसपास. प्रत्येकाला हे टोक हवं होतं कारण उत्तरेची फर इथून खाली यायची. नाणेघाटाच्या तोंडाशी जकातीचा दगडी रांजण का आहे, ते आपल्याला कुणी समजवायला नको.

तेयायागोन आज कुठं आहे? बेबी पॉइंटमधे. स्पेलिंग बेबी, म्हणायचं मात्र बाबी, एका जुन्या फ्रेंच घराण्याचं आडनाव ते. जेन स्टेशनवरून चालत जाता येतं. मोठमोठी बंगलेवजा घरं, जुने ओक, सगळं एकदम गप्प. १९९९ मधे तिथं गॅसच्या लाइनच्या कामात एका तरुण सेनेका स्त्रीचं दफन सापडलं, बरोबर सांबरशिंगासारख्या मूसच्या शिंगाची कोरीव फणी. माझ्याच धंद्यातलं काम, तीन-चार फुटांचा चर. आम्ही असे चर रोज खणतो हो.

फ्रेंच माणसांचं थोडक्यात आटपतो, त्यांच्यावर खूप लिहिलेलं आहे. एतिएन ब्रुले १६१५ मधे या वाटेनं उतरला आणि लेक ओंटारियो बघणारा पहिला गोरा ठरला असं पाट्यांवर वाचाल, पण तो याच वाटेनं आला का याबद्दल इतिहासकार भांडतात. आला असला तरी त्याला वेंडाट वाटाड्यांनी आणलं, त्यामुळे 'शोध लावला' हा शब्द मला तरी हास्यास्पद वाटतो. ला साल हा मात्र १६८० आणि १६८१ मधे नक्की इथून गेला.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी आज उभा आहे. टोरोंटो हा शब्द. शाळेत पोरांना सांगतात की अर्थ 'भेटण्याची जागा'. छान वाटतं ऐकायला, मल्टिकल्चरल वगैरे. पण भाषेचे जाणकार सांगतात की तो मोहॉक भाषेतला त्कारोंटो, म्हणजे 'पाण्यात झाडं उभी आहेत ती जागा'. आणि ही जागा टोरोंटोत नाहीच! ती वर ओरिलियाजवळ, लेक सिमको आणि लेक कूचिचिंग यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात. तिथं पाण्यात काठ्या रोवून, मधे फांद्या विणून मासे अडवायचे कूड केलेले होते, म्निजिकानिंग म्हणतात त्या जागेला, साडेचार हजार वर्षांहून जुने. त्यातल्या काही काठ्या आजही पाण्याखाली आहेत.

मग नाव इथं कसं आलं? चालत. आधी फ्रेंच नकाशांवर सिमकोला लेक टारोंटो लिहिलेलं दिसतं. मग तिथं जायच्या वाटेला टारोंटोची वाट. मग वाटेशेजारच्या नदीला, म्हणजे हंबरला, टोरोंटो नदी. मग वाटेच्या दक्षिण टोकाला १७५० मधे फ्रेंचांनी छोटा किल्ला बांधला, फोर्ट टोरोंटो, आणि लगेच त्याच्या पूर्वेला, आज जिथं एक्झिबिशन भरतं तिथं, दुसरा, जो त्यांनीच १७५९ मधे जाळला. म्हणजे उत्तरेचं नाव एकेक मुक्काम करत शंभरेक किलोमीटर खाली उतरलं. १७९३ मधे इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नर सिमकोनं ते पुसून गावाला यॉर्क केलं, आणि १८३४ मधे लोकांनी यॉर्क टाकून परत टोरोंटो घेतलं. नाव बदलणं आणि परत बदलणं यावर मी या हॉलमधे जास्त बोलत नाही, चहाला उशीर होईल.

जमीन कशी गेली तेही ऐका. १७८७ मधे इंग्रजांनी मिसिसागांकडून टोरोंटोची खरेदी केली, आणि ती बैठक झाली बे ऑफ क्विंटीवरच्या दुसऱ्याच एका कॅरिंग प्लेसवर. नंतर खरेदीखत बघितलं तर कोरं! जमिनीचं वर्णन नाही, आणि तीन प्रमुखांच्या खुणा वेगळ्या कागदावर, तो कागद चिकटवलेला. म्हणून १८०५ मधे परत करार, २,५०,८८० एकर, किंमत दहा शिलिंग. आपल्याकडच्या तलाठ्यानंही असा दस्त पुढं सरकवला नसता, निदान चहापाणी तरी जास्त मागितलं असतं. शेवटी २०१० मधे कॅनडा सरकारनं मिसिसागाज ऑफ द क्रेडिटना, म्हणजे त्याच मिसिसागांच्या आजच्या समूहाला, १४.५ कोटी डॉलर दिले. क्रेडिट हे नदीचं नाव, फ्रेंच व्यापारी तिथं माल उधारीवर द्यायचे म्हणून. आपली निम्मी मंडळी मिसिसागात राहतात, म्हणजे त्या लोकांच्या नावाच्या शहरात, उधारीच्या नदीकाठी. मॉर्गेजवाल्यांनी हसू नये.

वाट बंद कशी पडली? सिमको सप्टेंबर १७९३ मधे तिच्यावरून उत्तरेला गेला. वरची दलदल बघून वैतागला, आणि परतताना स्थानिक वाटाड्यानं पूर्वेकडची दुसरी, कोरडी वाट दाखवली. यंग स्ट्रीट त्या बाजूनं आखला गेला, फेब्रुवारी १७९६ मधे हॉलंड लँडिंगपर्यंत पोचला. सगळी ये-जा तिकडं गेली आणि जुन्या वाटेवर शेतं आली, मग सबडिव्हिजन, मग आपण. पायवाट मागं काही ठेवत नाही. गावाच्या जागी खापरं, चुली, खांबांचे डाग मिळतात, वाटेवर काय मिळणार? म्हणून ती जमिनीत शोधून उपयोग नाही, जुन्या नकाशात आणि रस्त्यांच्या वळणात शोधायची.

पुढच्या रविवारी आपण काहीजण जातोय. सकाळी नऊला ओल्ड मिल स्टेशन. पहिला टप्पा पायी, रिव्हरसाइड ड्राइव्हवरून बेबी पॉइंट, दीड-दोन तास धरा, बूट चांगले घाला. जमिनीवर काही दिसलं तर उचलायचं नाही, फोटो काढायचा आणि मला दाखवायचा. मधला टप्पा गाडीनं, कारण तो चारशे सात हायवेच्या आसपास घरांच्या खाली आहे. शेवट हॉलंड मार्शला. जिथं होड्या पाण्यात सोडायचे ती दलदल १९२५ ते ३० मधे कालवे काढून सुकवली, आता सगळी काळी माती, गाजरं आणि कांदे. रस्त्याकडेला शेतकऱ्यांचे स्टॉल असतात. पिशव्या आणा, गाजरं तिथं खरंच चांगली मिळतात.