नवतप्यात तान्ह्याला पाणी?

(मे महिन्याची दुपार. खिडकीत कूलर घरघरतोय.)

नवतपा लागला की नागपुरात पारा 45 च्या आसपास जातो. बाळंतिणीच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ, आणि आजी म्हणते, "दोन चमचे पाणी दे वं त्याले, घसा सुकला असंन लेकराचा."

काळजी खरी, पण पाणी नको. अंगावरच्या दुधात 87 ते 88 टक्के पाणीच असतं. उरलेल्यात सर्वात जास्त लॅक्टोज ही साखर, 100 मिलिलिटरमागे सुमारे 7 ग्रॅम. दूध तयार होताना त्यात पाणी ओढून आणते ती हीच.

(पडद्यावर आकडे: आईचं दूध, गाईचं दूध)

स्निग्धांश 4 ग्रॅमच्या आसपास. प्रथिनं मात्र जेमतेम 1 ग्रॅम. गाईच्या दुधात ती तिपटीनं, क्षारही तसेच. म्हणून गाईचं दूध जास्त कसदार? वासरासाठी, हो. ते झपाट्यानं वाढतं. तान्ह्याच्या अंगी न लागलेली प्रथिनं आणि क्षार मूत्रपिंडांना बाहेर टाकावे लागतात, आणि त्यात पाणी खर्च होतं. आईच्या दुधात हा भारच थोडा. त्यामुळे दुधातलं पाणी घामासाठी शिल्लक राहतं, नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा.

वरच्या पाण्यानं फक्त पोट भरतं. तेवढ्याच दुधातून, 100 मिलिलिटरला, 65 ते 70 किलोकॅलरी मिळाल्या असत्या. शिवाय पाणी कुठलं, वाटी कशी धुतलेली, हे आलंच.

(बाळ पिताना. शेजारी पाण्याचा तांब्या.)

तांब्या आईसाठी. बाळाला पाजायला घेतलं की अनेकींना एकदम तहान लागते. दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन त्याला कारण. सुरुवातीचं दूध पातळ, निळसर दिसतं, म्हणून "दुधात कसच नाही" असं घरात बोललं जातं. बाळ पीत राहतं तसा स्निग्धांश वाढतो. त्याला मध्येच ओढून घेऊ नये, एवढंच. दिवसाकाठी सहा-सात लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय.

सहा महिन्यांनंतर लोह अपुरं पडू लागतं. तेव्हा मऊ वरणभात, वाटीनं पाणी, आणि अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा पुढेही.

एक गोष्ट या दुधात पहिल्यापासूनच कमी: ड जीवनसत्त्व. इतक्या उन्हाच्या गावात! पण बाळंतीण आणि बाळ दोघंही घरातच असतात. म्हणून डॉक्टर पहिलं वर्षभर रोज 400 एककांचे थेंब लिहून देतात.