राखेचं सिमेंट आणि आपलं घर

श्रोते हो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बांधकाम निघालं की सिमेंटच्या दुकानात हमखास ऐकू येतं, "राख मिसळलेलं नको, ओपीसीच द्या." ओपीसी म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट. आज मला या राखेची बाजू मांडायची आहे.

सिमेंटला पाणी लागलं की काँक्रीटला बळ देणारा पदार्थ तयार होतो, आणि त्याबरोबर मोकळा चुनाही सुटतो. हा चुना बळाच्या कामाचा नाही. मुरणाऱ्या पाण्याबरोबर तो विरघळून निघून जातो. औष्णिक वीजकेंद्राच्या बारीक राखेतली सिलिका नेमका हाच चुना धरते आणि त्यातून आणखी बळ देणारा पदार्थ बनवते. बारीक छिद्रं बुजतात. म्हणून ही राख भेसळ नव्हे. पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटात ती 15 ते 35 टक्के असावी, असं भारतीय मानकच सांगतं. पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, दळून केलेल्या पीएससी सिमेंटात तर ही मळी 70 टक्क्यांपर्यंत चालते. तेवढं क्लिंकर, म्हणजे सिमेंटसाठी भट्टीत भाजलेले खडे, वाचतं, म्हणजे 1450 अंशांच्या भट्टीतला धूर वाचतो.

आपल्या भागाला याची खास गरज आहे. अथणी, रायबाग, चिकोडीकडे कृष्णाकाठची कितीतरी रानं क्षारपड झाली आहेत. तिथले क्षार घराच्या पायात शिरले की काँक्रीट तडकतं, सळई गंजते. अशा जागी मळीचं सिमेंट जास्त टिकतं. पाया काढण्याआधी इंजिनिअरला हे जरूर विचारा.

साखर कारखान्याच्या बॉयलरची राख मात्र उचलून थेट मालात टाकू नका. तिच्यात सिलिका भरपूर असते, पण अर्धवट जळलेला कोळसाही असतो. नीट जाळून, दळून, तपासल्याशिवाय ती सिमेंटची जागा घेत नाही.

आता गवंडीमामांसाठी. राखेचं काम सावकाश चालतं, आणि त्याला ओल लागते. ओपीसीला किमान 7 दिवस पाणी मारायचं, तर पीपीसी-पीएससीला किमान 10, आणि जमल्यास 14. चौथ्या दिवशी पाणी बंद करून "राखेचं सिमेंट कच्चं निघालं" म्हणणं हा त्या सिमेंटवर अन्याय आहे. सेंटरिंग काढायचे ठरलेले दिवसही ओपीसी धरूनच सांगितलेले असतात. हे सिमेंट वापरलं असेल, तर टेकू कधी काढायचे ते इंजिनिअरकडून ठरवून घ्या.