बिनशेपटीच्या उंदराची बाजू

(सांगली येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘गेमिंगचा माऊस : शेपटीचा की बिनशेपटीचा?’ असा छापला आहे. परंतु वर्तमानपत्राला टिपण पाठवताना त्यातला ‘गेमिंग’ हा शब्द गळाला आणि ‘माऊस’ या शब्दाचे कोणीतरी उत्साहाने भाषांतर केले. परिणामी काल सकाळी मार्केट यार्डातून हळदीच्या एका व्यापाऱ्यांचा मला दूरध्वनी आला आणि वखारीतल्या उंदरांवर कोणते औषध चालेल, असे त्यांनी अतिशय गांभीर्याने विचारले. मी त्यांना व्याख्यानाला यायचा आग्रह केला. ते आले असतील तर त्यांची आरंभीच क्षमा मागतो आणि मागच्या बाजूचे दार उघडे आहे हेही सांगून ठेवतो. एरवी, ज्या गावाचे आराध्यदैवत गणपती आहे त्या गावात त्याच्या वाहनाविषयी तासभर बोलायला मिळणे, याला मी भाग्यच समजतो.

विश्रामबागेत मी गेली सत्तावीस वर्षे संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो आहे आणि या काळात किती माऊस उघडले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. परंतु काउंटरवर येणारा प्रत्येक तरुण एक वाक्य मात्र न चुकता बोलतो : “काका, गेमिंगला वायरचाच द्या, वायरलेस स्लो असतो.” हे वाक्य एके काळी खरे होते, आज ते खरे राहिलेले नाही, आणि ते खोटे का ठरले याचे कारण बहुतेकांना वाटते त्यापेक्षा वेगळे आहे, एवढेच मला आज मांडायचे आहे. त्यानंतर, वेळ उरल्यास, माऊस निवडावा कसा, हेही मी सांगणार आहे. पत्रिकेत वचन तेच दिलेले आहे.

शेपटीपासूनच सुरुवात करतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माऊस घडवला, तो लाकडी होता. त्याच्या पोटाशी एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके होती आणि त्याची वायर मनगटाच्या बाजूने, म्हणजे उंदराला शेपूट असते तशी मागून निघत होती. ती हाताखाली येऊ लागल्यामुळे पुढे तिची जागा बदलण्यात आली. म्हणजे ज्या शेपटीवरून या वस्तूचे नाव पडले, ती शेपूट आज उंदराच्या नाकातून निघते, आणि गेली साठ वर्षे आपण हे निमूटपणे चालवून घेतले आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी हे यंत्र जाहीरपणे चालवून दाखवले. ज्यांनी माझ्या दुकानात १९९९ नंतरच्या काळात तासाच्या दराने इंटरनेट वापरले आहे, त्यांना मधला रबरी गोळ्याचा माऊस आठवत असेल. त्याच्या आतल्या दोन दांड्यांवर घामाचा आणि धुळीचा काळा पट्टा साचत असे आणि तो नखाने खरवडून काढल्याशिवाय बाण पडद्यावर आडवा सरकत नसे. रोज रात्री दुकान बंद करताना नऊ माऊस उलटे करून ते गोळे स्टीलच्या वाटीत काढणे, हा माझा नित्यनेम होता. त्याच १९९९ साली मायक्रोसॉफ्टने गोळ्याऐवजी प्रकाशावर चालणारा माऊस बाजारात आणला आणि यथावकाश माझी नखे सुटली.

आता मुख्य आरोपाकडे येऊ. वायरमधून संदेश झटकन जातो आणि हवेतून जाताना रेंगाळतो, ही समजूत भौतिकशास्त्राला धरून नाही. तांब्याच्या वायरमधून विद्युतसंकेत प्रकाशाच्या साधारण दोन-तृतीयांश वेगाने जातो आणि रेडिओलहरी हवेतून जवळपास पूर्ण प्रकाशवेगाने जातात. दोन मीटर अंतर कापायला वायरला सुमारे दहा नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) लागतात आणि हवेला सुमारे सात. शर्यत प्रवासाचीच असती, तर बिनशेपटीचा उंदीर ती जिंकला असता.

वेळ जातो तो प्रवासात नव्हे, वाट पाहण्यात जातो. यूएसबीवर माऊसला आपण होऊन काही बोलता येत नाही. संगणकाने विचारले की त्याने उत्तर द्यायचे, अशी तिथली शिस्त आहे. गल्लीतल्या टपालपेटीत पत्र तुम्ही पळत जाऊन टाका की चालत जाऊन टाका, पोस्टमन पेटी उघडेपर्यंत ते पत्र तिथेच पडून राहते. साध्या माऊसची पेटी सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी उघडली जाते. गेमिंगच्या माऊसची हजार वेळा, म्हणजे दर एका मिलिसेकंदाने. यालाच मुले पोलिंग रेट म्हणतात. जुन्या वायरलेस माऊसमध्ये पोस्टमन तर संथ होताच, शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी माऊस अधूनमधून झोपीही जात असे आणि जागा होईपर्यंत पहिली हालचाल वाया जात असे. तक्रार रास्त होती, फक्त तिचा रोख हवेवर ठेवणे चुकीचे होते. ज्या दिवशी बिनवायरच्या माऊसचा पोस्टमनही सेकंदाला हजार फेऱ्या मारू लागला, त्या दिवशी तो खटला निकाली निघाला.

इथे मला एक घटना सविस्तर सांगायची आहे, आणि सविस्तर याचा अर्थ अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये असा आहे. आपल्याच परिसरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वार्षिक महोत्सवात संगणकीय खेळांची स्पर्धा होती. पाच-पाच जणांचे संघ, समोरासमोर दोन रांगा, काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळाचा सामना. माझा भाचा एका संघात होता आणि त्याने दोन वर्षांची भाऊबीज साठवून बिनवायरचा माऊस घेतला होता. पहिल्या फेरीत त्याच्या पडद्यावरचा नेम दर काही सेकंदांनी अडखळू लागला. हात सरळ जातो आहे आणि नेम मात्र खड्ड्यातून गेलेल्या रिक्षेसारखा दोन उड्या मारून पुढे येतो आहे, असे ते दृश्य होते. तो फेरी हरला. परीक्षक म्हणाले, “वायरलेस आणलास, मग असंच होणार.” मागे उभ्या असलेल्या मुलांनी सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट लहानपणी ऐकलेली असावी, कारण ती लगेच “बिनशेपटीचा, बिनशेपटीचा” असे ओरडू लागली. भाच्याने मला फोन केला. “मामा, माऊस बिघडला, येताना वायरचा घेऊन ये,” एवढेच तो बोलला आणि त्याचा आवाज रडवेला झाला होता.

मी वायरचा माऊस घेतलाच, पण सवयीने दीड फुटाची यूएसबी एक्स्टेन्शन वायरही खिशात टाकली. तिथे पोहोचून टेबलाखाली वाकून पाहिले, तर चित्र असे होते : माऊसचा रिसीव्हर, म्हणजे मुले ज्याला डोंगल म्हणतात तो नखाएवढा तुकडा, सीपीयूच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून बसवलेला होता, त्याच्या आणि माऊसच्या मध्ये पत्र्याचे संपूर्ण कॅबिनेट उभे होते, आणि त्याला अगदी खेटून निळ्या पोर्टमध्ये आयोजकांची हार्ड डिस्क लावलेली होती, जिच्यावर सामन्याचे चित्रीकरण अखंड साठवले जात होते.

ज्यांना यातले माहीत आहे ते आत्ताच हसले. निळा पोर्ट बहुधा यूएसबी ३ चा असतो, आणि त्यावरून वेगाने माहिती वाहू लागली की तिच्यातून जो रेडिओगोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो, म्हणजे नेमका त्याच पट्ट्यात जिथे वायरलेस माऊस बोलत असतो. हा माझा शोध नव्हे; इंटेल कंपनीने २०१२ सालीच याविषयीचे तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले आहे आणि त्यात वायरलेस माऊसचे उदाहरणही दिले आहे. वऱ्हाडाच्या बँडशेजारी उभे राहून कोणी कानात काही सांगावे आणि ऐकणाऱ्याला बहिरा ठरवावे, तसा हा न्याय होता. मी रिसीव्हर काढला, एक्स्टेन्शन वायरच्या टोकाला लावला, ती वायर टेबलावर घेतली आणि तो तुकडा माऊस पॅडपासून वीतभर अंतरावर आणून ठेवला. अडखळणे थांबले. भाचा त्याच माऊसने पुढच्या दोन फेऱ्या जिंकला. सामना हरला, पण तो संघातल्या इतर चौघांमुळे, असे त्याचे म्हणणे आहे.

हे सर्व परीक्षकांच्या डोळ्यांसमोर घडले. मी त्यांना समजावून सांगितले, त्यांनी मान डोलावली, मला चहाही पाजला. आणि पुढच्या वर्षीच्या नियमावलीत सातव्या क्रमांकावर ओळ आली : ‘वायरलेस माऊस वापरण्यास सक्त मनाई आहे.’ ती ओळ आजही तिथे आहे. दोन अर्ज केले, उत्तर नाही. खरे तर मी हे व्याख्यान स्वीकारले ते त्या सातव्या क्रमांकासाठी, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

रेडिओलहरींचा विषय निघालाच आहे तर नाट्यपंढरीत एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एका पट्ट्यातला गोंगाट बाधू नये म्हणून संदेशाने सतत एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर उड्या मारत राहावे, आणि या उड्यांचा क्रम पाठवणाऱ्याला व ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असावा, अशा योजनेचे अमेरिकेतील एक पेटंट १९४२ साली ज्या दोघांना मिळाले, त्यांपैकी एक हेडी लमार ही हॉलीवूडची अभिनेत्री होती आणि दुसरे जॉर्ज अँथील हे संगीतकार. हेतू पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला, दिशा देणारे संदेश शत्रूच्या अडथळ्यापासून वाचवण्याचा होता आणि लहरींची संख्या पियानोच्या पट्ट्यांइतकी, म्हणजे ८८, धरली होती. आज ब्लूटूथ सेकंदाला १६०० उड्या मारू शकतो. नटी आणि संगीतकार एकत्र आले की काय होते, हे सांगलीकरांना मी सांगायला नको.

आता शेपटीवरचा माझा स्वतःचा आरोप. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वायरच्या माऊसपैकी फार मोठा भाग एकाच जागी तुटलेला असतो : जिथे वायर माऊसच्या अंगातून बाहेर पडते त्या मानेपाशी. आतल्या केसाएवढ्या तारांपैकी एखादी तुटते, मग माऊस विशिष्ट कोनात धरला तरच चालतो, आणि गिऱ्हाईक तो कोन सांभाळत महिनाभर खेळते. (एका माऊसची वायर खऱ्या उंदराने कुरतडलेली होती, ते व्यापारी अजून बसले असतील तर त्यांच्यासाठी सांगितले.) परंतु तुटण्यापेक्षाही मोठा दोष ओढीचा आहे. नेमबाजीच्या खेळात अनेक खेळाडू माऊसची संवेदनशीलता मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे नुसते मागे वळायचे तरी संपूर्ण बाहू टेबलभर फिरवावा लागतो. अशा वेळी वायर टेबलाच्या कडेला घासते, मॉनिटरच्या पायात अडकते आणि हाताला केसभर मागे खेचते. एका मिलिसेकंदासाठी भांडणारा खेळाडू ही ओढ मात्र रोज सोसतो. वायर वर उचलून धरणारे स्टँड आणि बुटाच्या नाडीसारख्या विणलेल्या मऊ वायरी बाजारात आल्या, त्या या दुखण्यावरचा इलाज म्हणूनच. शेपूट निरुपद्रवी असती तर तिला झोळी बांधायची वेळ आली नसती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘पाच मिनिटे’ असे लिहिले आहे आणि पाचाखाली दोन रेघा आहेत. तेव्हा निवडीचा भाग भराभर सांगतो.

वजन हा जुना आक्षेप संपला आहे. बॅटरीमुळे बिनवायरचा माऊस जड होतो असे म्हणत, पण लॉजिटेकने २०१८ साली ऐंशी ग्रॅमचा आणि २०२० साली त्रेसष्ट ग्रॅमहूनही हलका वायरलेस माऊस आणला. व्यावसायिक स्पर्धांतले बरेच खेळाडू आज बिनवायरचेच वापरतात. ब्लूटूथवरचा माऊस मात्र खेळासाठी घेऊ नका; आजच्या बहुतेक ब्लूटूथ माऊसमध्ये पोस्टमनच्या दोन फेऱ्यांमधले अंतर कमीत कमी साडेसात मिलिसेकंदांचे असते. खोक्यावर ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झ असे दोन्ही लिहिलेले असेल, तर खेळताना स्वतंत्र रिसीव्हरच लावा. आठ हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आठ हजार फेऱ्यांच्या, आकड्याला भुलू नका. ज्याचा मॉनिटर साठ हर्ट्झचा आहे, त्याच्यासमोर नवे चित्र सोळा-सतरा मिलिसेकंदांनी येते, त्याने एका मिलिसेकंदाचे आठ तुकडे करून काय साधणार? आधी मॉनिटर बदला.

पैसे मोजके असतील तर वायरचाच घ्या, आणि हे मी माझ्या बाजूविरुद्ध सांगतो आहे. हजार रुपयांच्या आतबाहेर वायरच्या माऊसमध्ये चांगला सेन्सर, म्हणजे हालचाल टिपणारा भाग, मिळतो. त्याच किमतीचा वायरलेस हा बहुधा कार्यालयात फाइली उघडण्यासाठी बनवलेला असतो. शिवाय वायरच्या माऊसची वायर मी बदलून देऊ शकतो. वायरलेसची आतली बॅटरी दोन-चार वर्षांनी थकली की स्क्रू शोधण्यासाठी तळाच्या चिकटवलेल्या पट्ट्या उचकटाव्या लागतात आणि त्या पुन्हा पहिल्यासारख्या बसत नाहीत. डबल क्लिकचा, म्हणजे एकदा दाबले की दोनदा उमटण्याचा, रोग दोघांनाही सारखाच होतो. तो बटणाखालच्या स्विचचा दोष आहे, शेपटीचा नव्हे. आणि आपल्याकडे वीज जाते, म्हणून माऊस रात्री चार्जिंगला लावा, सामन्याच्या सकाळी नव्हे.

दुसरी चिठ्ठी आली. या टेबलावर एकाच संगणकाला दोन माऊस जोडून ठेवले आहेत, एक वायरचा आणि एक बिनवायरचा, दोन्ही हजार हर्ट्झचे. रिसीव्हर मुद्दाम पाठीमागे, चालू हार्ड डिस्कच्या शेजारी लावला आहे. आधी तसाच हलवून पाहा, मग ही दीड फुटी वायर लावून रिसीव्हर पुढे घ्या आणि पुन्हा हलवा. ज्यांना तासगावची एसटी गाठायची आहे त्यांनी आधी यावे. त्या महाविद्यालयाचे कोणी सभागृहात असतील, तर त्यांनी शेवटी यावे. त्यांच्यासाठी मी तिसरा अर्ज सोबत आणला आहे.